वळण कसें लागतें?

(धर्मग्रामाच्या जुबिलीनिमित्त भरलेल्या पालकसभेंत झालेलें भाषण)



जुबिलीच्या कार्यक्रमांत अर्धा तास आम्हीं बोलावें अशी समितीची आज्ञा झाली. विषय मात्र समितीनें आमच्याकडे सोपविला नाहीं. गेल्या पावसाळ्यांत झालेल्या पालकांच्या बैठकींत एका मातेनें उठून विचारलें होतें कीं, शाळा आहे, रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग आहे, घरीं कोणी वाईट शिकवीत नाहीं, मग आमच्या मुलांना वळण कां लागत नाहीं? त्या दिवशीं त्या बाईंना कोणींच नीट उत्तर दिलें नाहीं. तोच प्रश्न आज आमच्या पुढ्यांत ठेवण्यांत आला आहे. आम्ही कोणी पंडित नव्हे. या कोल्हापुरांत बरींच वर्षें काढलीं, मुलें वाढविलीं, आणि तीं वाढवितां वाढवितां स्वतःलाच पुष्कळ गोष्टी नव्यानें शिकाव्या लागल्या, एवढाच आमचा अधिकार.

'वळण' हा शब्द मोठा बोलका आहे. आपण नदीचें वळण म्हणतों, अक्षराचें वळण म्हणतों, आणि मुलाच्या वागणुकीलाही तोच शब्द लावतों. जुन्या शाळांतून अक्षर घटविण्यासाठीं कित्ता असे. गुरुजी वरच्या ओळींत एक अक्षर काढून देत व मूल खालीं तेंच पन्नास वेळां गिरवी. 'अ' कसा काढावा यावर गुरुजींनीं तासभर व्याख्यान दिलें असतें तरी एकाही मुलाला 'अ' आला नसता. आणि वरच्या ओळींतलाच 'अ' वांकडा असेल तर खालचे पन्नासही वांकडे येत. त्या मातेच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस या कित्त्यांत दिसतें. मुलांना वळण लागत नाहीं ही तक्रारच मुळांत चुकीची आहे. वळण लागलेलें असतेंच; आपल्याला हवें होतें तें लागलेलें नसतें, इतकेंच.

आपण वहाणा दाराशीं काढतों, वडील माणूस आलें कीं उठून उभे राहतों, जांभई आली कीं तोंडापुढें हात धरतों, रिक्षावाल्यास मामा व भाजीवालीस मावशी म्हणतों. हें आपणांस कोणीं, कोणत्या वर्षीं, कोणत्या वर्गांत शिकविलें असें विचारलें तर येथें बसलेल्यांपैकीं एकालाही सांगतां येणार नाहीं. 'अहो' कोणाला आणि 'अरे' कोणाला, हा तर आपल्या भाषेंतला मोठा कठीण विषय. पण चार वर्षांचें मूल त्यांत सहसा चुकत नाहीं. आमच्या कोल्हापुरांत त्याची आणखी एक गंमत आहे. येथल्या कित्येक मुली 'मी आले, मी गेले' असें न म्हणतां सरळ 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. पुण्यामुंबईकडची सून प्रथम त्याला हंसते. दोन पावसाळे गेले कीं माहेरच्या दारांतूनच 'मी आलो ग' म्हणून हांक मारते, आणि मग माहेरचीं माणसें तिला हंसतात. गोव्याहून, मंगळुराहून, आजरा-चंदगडाकडून जीं ख्रिस्ती कुटुंबें या शहरांत येऊन राहिलीं त्यांच्या घरींही हेंच घडलें. आजी कोंकणींत जपमाळ म्हणते, नातू अंगणांतून 'काय भावा' म्हणून सवंगड्याला हांक मारतो, आणि दोघांनाही त्यांत कांहीं विशेष वाटत नाहीं.

हें सर्व गोड आहे. पण ज्या दारानें हें घरांत येतें त्याच दारानें दुसरेंही येतें, आणि तें सांगण्यासाठीं आम्हांस स्वतःच्याच स्वयंपाकघरांतली एक गोष्ट उघडी करावी लागेल. बऱ्याच वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्याकडे भांडीं घासण्यास एक बाई येत असत. काम आटोपलें कीं त्यांना चहा मिळे. ज्या कपांतून तो मिळे त्याचा कान तुटलेला होता, व तो मोरीवरच्या खिडकींत वेगळा ठेवलेला असे. तो तेथें कोणीं व केव्हां ठेवला हें आम्हांस आठवत नाहीं. आमच्या आईच्या घरीं तसा एक होता. आमच्या घरींही तसा एक झाला. आम्ही ख्रिस्ती, आम्ही शिवाशीव मानीत नाहीं, असें आम्ही चारचौघांत सांगत होतों, आणि तें आम्हांस खरेंही वाटत होतें.

एका रविवारीं घरांत आजारपण होतें म्हणून चहा आम्हीं स्वतः केला. आमची सहा वर्षांची मुलगी मदतीला उभी होती. तिनें कप मांडले. मग कोणी कांहीं न सांगतां ती स्टुलावर चढली, खिडकींतला तो कान तुटलेला कप काढला, आणि 'हा मावशींचा' म्हणून तिनें तो इतरांपासून वीतभर दूर ठेवला. मावशी दारांतच होत्या. त्या हंसल्या आणि म्हणाल्या, "शिकली हो पोर."

त्याच सकाळीं ती मुलगी धर्मशिक्षणाच्या वर्गांत, सर्व माणसें एकाच पित्याचीं लेंकरें आहेत, हें घडाघडा म्हणून आली होती, व त्याबद्दल तिला एक चित्र बक्षीस मिळालें होतें. दोन्ही धडे तिला बिनचूक येत होते.

त्या दिवसापासून हा विषय आमच्या मागें लागला आहे.

मूल मोठ्यांकडूनच शिकतें असेंही नाहीं. स्वित्झर्लंडमधील जाँ पियाजे या पंडितांनीं १९३२ सालीं मुलांच्या नीतिकल्पनांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यासाठीं ते जिनीव्हा व नूशातेल येथील मुलांबरोबर गोट्या खेळले, आणि खेळतां खेळतां त्यांना विचारीत गेले कीं, बाळांनो, हे नियम कोणीं केले, ते बदलले तर चालेल काय? अगदीं लहान मुलांनीं सांगितलें कीं नियम वडिलांनीं केले, कोणी म्हणालें देवानें केले, आणि ते बदलणें बरें नव्हे. दहा-बारा वर्षांच्या मुलांचें म्हणणें निराळें: सर्वांना मान्य असेल तर नियम बदलतां येतो. मौज अशी कीं नियम अगदीं पवित्र मानणारीं तीं लहान मुलेंच ते हवे तसे मोडीत होतीं. आणि नियम आपल्या संमतीनें चालतो हें कळलेलीं मोठीं मुलें ते कसोशीनें पाळीत होतीं. आमच्या पेठांतून ज्यांनीं गोट्या आणि विटीदांडूचीं भांडणें पाहिलीं आहेत त्यांना हें पटावयास स्वित्झर्लंडला जावें लागणार नाहीं. बरोबरीच्यांत राहून माणूस जें शिकतो तें वडिलांच्या धाकानें शिकलेल्यापेक्षां निराळें असतें.

कोल्हापुरांत या बरोबरीच्या शाळेचें मोठें नांव म्हणजे तालीम. बाहेरगांवचे लोक पैलवानाच्या मांड्या पाहतात. आम्हांस तेथली रीत अधिक पाहण्यासारखी वाटते. पहांटे पोरगा हौद्यांत उतरतो तो आधीं मातीला हात लावून तो कपाळीं नेतो. ही माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून जोपासलेली असते, आणि ती खणण्याचें व मळण्याचें काम नव्या पोराकडे येतें. वस्तादापुढें तो आवाज चढवीत नाहीं. आज तो थोरल्या पैलवानाचें अंग रगडतो. पांच वर्षांनीं कोणी त्याचें रगडतो. लढतीपूर्वीं जोडीदाराच्या अंगावर माती टाकावयाची, हाताला हात लावावयाचा, मग झोंबावयाचें. यांतलें एक अक्षरही भिंतीवर लिहिलेलें नसतें. १९१२ सालीं शाहू छत्रपतींनीं खासबागेचें मैदान बांधून पुरें केलें. तेथें उतारावर बसलेल्या हजारोंच्या गर्दीतलें प्रत्येक पोर, टाळी केव्हां वाजवावयाची व गप्प केव्हां राहावयाचें, हें बापाच्या मांडीवरच शिकलेलें असतें. गणपतीचे व मोहरमचे दिवस एकत्र येतात त्या वर्षीं कांहीं तालमींत गणपति व पंजे एकाच छपराखालीं बसतात, आणि दोघांची व्यवस्था तींच पोरें पाहतात. घामेजल्या अंगाला अंग भिडलें म्हणजे जातीचें अंतर राखणें कठीण जातें. तथापि सगळ्याच तालमींचीं दारें सगळ्यांना सारखींच उघडीं होतीं, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. अलीकडे मुलीही मातींत उतरूं लागल्या आहेत, ही गोष्ट मात्र आमच्या आजोबांना सांगून खरी वाटली नसती.

आतां बोर्डिंगांकडे येऊं. वळण लावण्याचा एवढा मोठा प्रयोग हिंदुस्थानांत दुसऱ्या संस्थानांत क्वचितच झाला असेल. १८९६ सालीं शाहू महाराजांनीं सर्व जातींच्या विद्यार्थ्यांकरितां एक वसतिगृह काढलें. दार सर्वांना उघडें होतें. पण थोड्याच काळांत तेथें ब्राह्मण विद्यार्थीच उरले. खेड्यांतल्या कुणब्याच्या मुलाला कोणी 'येऊं नको' म्हटलें असेल असें नाहीं. आपण कोणत्या ओळींत बसावयाचें, पाणी कोणाच्या हातून घ्यावयाचें, हें त्याला घरूनच ठाऊक होतें, आणि म्हणून तो येत नव्हता, अशी आमची समजूत आहे. महाराजांनीं तेव्हां मार्ग बदलला. १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें, त्याच वर्षीं जैनांचें निघालें. पुढें मुसलमानांचें, लिंगायतांचें, दैवज्ञांचें, शिंप्यांचें, ख्रिस्त्यांचें अशीं एकामागून एक निघत गेलीं. १९०८ सालीं अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीं मिस क्लार्क बोर्डिंग उघडलें. मुंबईच्या तेव्हांच्या गव्हर्नरांच्या कन्येचें हें नांव. कोल्हापुरास विद्यार्थी-वसतिगृहांची जननी म्हणतात तें यामुळें.

या जातवार बोर्डिंगांनीं जात सैल केली कीं घट्ट केली, असें कोणी विचारलें तर आम्ही म्हणूं, दोन्ही केलें. मुलगा शिकला, वकील झाला, मामलेदार झाला, सभेंत उभा राहून बोलूं लागला. हें त्या बोर्डिंगानें दिलें. पण ताटावर बसण्याचा त्याचा जो घरचा धडा होता तो तेथें तसाच गिरविला गेला. याचें उदाहरण आपल्या जिल्ह्यांतलेंच आहे. कुंभोज येथें १८८७ सालीं जन्मलेले भाऊराव पाटील शिक्षणासाठीं कोल्हापुरास येऊन जैन बोर्डिंगांत राहिले होते. मिस क्लार्क बोर्डिंगाच्या उद्घाटनाला ते गेले. परत आल्यावर त्यांना सांगण्यांत आलें कीं, अस्पृश्यांत जाऊन आलास, आधीं स्नान कर, मग जेवावयास बैस. भाऊरावांनीं स्नान केलें नाहीं. त्यांना बोर्डिंग सोडावें लागलें, आणि शाहू महाराजांनीं त्यांना आसरा दिला.

आम्हांस या गोष्टींत एक विचार नेहमीं अडवून धरतो. स्नान करावयास सांगणारे लोक दुष्ट नव्हते. त्यांनीं गरीब मुलांसाठीं बोर्डिंग चालविलें होतें, रात्री जागून वर्गण्या गोळा केल्या असतील. त्यांच्या बुद्धीला शिक्षण सर्वांना हवें हें पटलें होतें. त्यांच्या हाताला मात्र तें पटलें नव्हतें. आणि भाऊरावांना तरी आपलें स्नान न करणें कोणत्या पुस्तकांत सांपडलें? पण ज्यांना एकदां ताटावरून उठविलें गेलें, त्यांनीं पुढें सबंध आयुष्य दुसऱ्यांसाठीं ताट मांडण्यांत घालविलें. १९१९ सालीं कराडजवळच्या काले गांवीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ सालीं साताऱ्यास असें वसतिगृह काढलें कीं जेथें सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत, स्वतः पाणी भरीत, स्वतः स्वयंपाक करीत, व एका पंगतींत जेवीत. पैसा संपला तेव्हां त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने, शेवटीं मंगळसूत्रही, देऊन मुलांना जेवूं घातलें. १९२७ सालीं महात्मा गांधी तेथें आले व त्या वसतिगृहास छत्रपति शाहूंचें नांव देण्यांत आलें. तेथील मुलांना समतेचा पाठ निराळा द्यावा लागत नसावा. भाकरी कोणीं थापली व भांडें कोणीं घासलें हें रोजच्या पाळीवरून ठरे, आणि पाळी सर्वांवर येई.

हुकमाची किंमत आम्ही कमी मानीत नाहीं. २६ जुलै १९०२ रोजीं महाराजांनीं मागासलेल्या वर्गांना दरबारच्या नोकरींत शेंकडा पन्नास जागा राखून ठेवल्या; १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें, मुलास शाळेंत न पाठविणाऱ्या बापाला दरमहा एक रुपया दंड ठेवला; १९१९ सालीं अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांचीं मुलें सर्वांबरोबर बसवावीं अशी आज्ञा केली. हे हुकूम नसते तर पुढचें कांहींच झालें नसतें. पण महाराज नुसते हुकूम काढून थांबले नाहींत, यांत त्यांचा खरा मोठेपणा आहे. गंगाराम कांबळे नांवाचा एक अस्पृश्य मानलेला सेवक राजवाड्याच्या नोकरींत होता. पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून त्याला बेदम मार बसला. महाराजांनीं मारणारांना शासन केलें, आणि गंगारामास नोकरींतून मोकळें करून स्वतंत्र धंद्यास भांडवल दिलें. त्यानें भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचें दुकान घातलें. दुकान स्वच्छ, चहा चांगला. पण गिऱ्हाईक येईना. तेव्हां महाराज आपली गाडी त्या दुकानापुढें थांबवूं लागले व गंगारामाच्या हातचा चहा मागवून घेऊं लागले. महाराज पीत, आणि सोबत असलेल्या मंडळींनाही तोच प्यावा लागे. पहिल्या दिवशीं त्यांतल्या कित्येकांचा घोट घशांत अडकला असेल. दहाव्या दिवशीं त्यांतल्या एकाद्यानें साखर कमी आहे अशी तक्रार केली असेल, असें आम्हांस उगीच वाटतें. महाराज १९२२ सालीं निवर्तले, आणि त्यांचें पहिलें स्मारक या शहरांत उभारलें तें गंगाराम कांबळे यांनीं.

कोणी म्हणेल, लहानपणीं जें शिकलें तें शिकलें. पिकलें पान काय वळणार? आम्हांस तें मान्य नाहीं. लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' आपल्यांतल्या पुष्कळांनीं वाचलीं असतील. त्यांच्या वडिलांचें सोंवळें एवढें कडक होतें कीं बाहेरून आलेली वस्तु धुतल्याशिवाय घरांत यावयाची नाहीं. अशा घरांत वाढलेल्या त्या बाई. १८९५ सालीं त्यांच्या पतींनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हां त्या कांहीं वर्षें त्यांच्यापासून दूर राहिल्या; पुढें एकत्र आल्या तरी शिवाशीव लगेच सुटली नाहीं; आणि १९०० सालीं त्यांनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला. म्हणजे मन वळण्यास पांच वर्षें लागलीं, आणि तेंही इतक्या धीट व विनोदी बाईला. हें वाचून आम्हांस नेहमीं धीर येतो. एका रात्रींत माणूस बदलल्याच्या कथा ऐकल्या कीं आमच्यासारख्या मंदगतींना उलट निराशा वाटते.

दुसरें उदाहरण अगदीं अलीकडचें व आपल्याच जिल्ह्यांतलें. शिरोळ तालुक्यांतील हेरवाड गांवानें मे २०२२ मध्यें असा ठराव केला कीं, पति वारल्यावर पत्नीच्या बांगड्या फोडणें, कुंकू पुसणें, मंगळसूत्र व जोडवीं काढून घेणें हे प्रकार यापुढें गांवांत होऊं नयेत. कोरोनाच्या साथींत तरणींताठीं माणसें गेलीं होतीं, व विशी-तिशींतल्या मुलींच्या हातांकडे पाहवत नव्हतें. त्याच महिन्यांत राज्य सरकारनें परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनींही हाच कित्ता गिरवावा असें सुचविलें. ठराव उत्तम झाला. पण आपण हा प्रसंग डोळ्यांसमोर आणून पाहा. त्या वेळीं बांगड्या फोडण्यास पुढें येतात त्या बहुधा बायकाच, आणि त्यांतही आधीं स्वतः ज्यांच्या फुटल्या त्याच. त्यांच्या मनांत द्वेष नसतो. डोळ्यांत पाणी असतें. आपल्या वेळीं जें झालें तेंच रीतसर व्हावें, एवढेंच त्यांना ठाऊक असतें. अशा एका सत्तर वर्षांच्या बाईनें पुढें केलेला हात मागें घेणें, हें तिच्या आयुष्यांतलें एक मोठें शिक्षण आहे, व त्याला कोणतीही शाळा नाहीं. शेजारची दुसरी बाई हात मागें घेते हें तिनें पाहिलें तरच तें साधतें.

मोबाइलविषयींही दोन शब्द बोलावे असें आम्हांस सुचविण्यांत आलें आहे. दोनच बोलतों. जेवतांना मुलाच्या हातीं तो असतो याची तक्रार करणाऱ्या बापाचा स्वतःचा मोबाइल ताटाच्या कोणत्या बाजूस असतो, तें आज रात्रीं पाहावें.

आणि आतां आपल्या घरचें. आपण प्रभूच्या एका मेजाभोंवतीं जमणारे लोक. पण आपल्याही इतिहासांत वेगळ्या खिडक्या व वेगळे कप होते. गोव्यांत कित्येक गांवांतून चर्चच्या कॉन्फ्रारियाही जन्मावरून वांटलेल्या असत. कोणी कोणता झगा घालावयाचा, सणाचा मान कोणाचा, हें जातीवरून ठरे, आणि त्यावरून तंटेही होत. बाप्तिस्म्याच्या पाण्यानें जें धुतलें गेलें असें आपण मानतों तें लग्नाची बोलणीं निघालीं कीं पुन्हां वर येतें. स्थळ चांगलें आहे, मुलगा शिकलेला आहे, मिस्सा चुकवीत नाहीं, मग कोणी आवाज खालीं आणून विचारतो, "पण मूळचे कोण?" तो प्रश्न आवाज खालीं आणून विचारला जातो, एवढें आपलें शिक्षण झालें आहे. शेजारच्या खोलींत अभ्यासाला बसलेल्या मुलीला तो ऐकूं जातो, आणि तो हळूच विचारावयाचा असतो हेंही तिला कळतें.

या जुबिलीच्या मुख्य दिवशीं अंगणांत जेवण आहे. समितीनें मोठ्या कष्टानें त्याची आंखणी केली आहे व आम्हांस तींत ढवळाढवळ करावयाची नाहीं. एकच विनंति आहे. दरवर्षीं आपल्या सणाच्या जेवणांत असें होतें कीं, मंडप घालणारे, भांडीं घासणारे, आवार झाडणारे हे सर्वांचीं जेवणें झाल्यावर मागच्या बाजूस, उरलेलें, उभ्यानें जेवतात. कोणीं तसा नियम केलेला नाहीं. यंदा त्यांचीं पानें पहिल्या पंगतींत, सर्वांच्या मधोमध मांडावीं, आणि वाढण्याचें काम धर्मशिक्षणवर्गाच्या मुलांकडे द्यावें. मुलांना त्यावर भाषण देऊं नये. 'पाहा, आपण किती चांगलें करीत आहों' असें तर मुळींच म्हणूं नये. त्यांच्या हातीं फक्त भाताचें पातेलें द्यावें. त्या पाहुण्यांना पहिल्या वर्षीं अवघडल्यासारखें होईल, कित्येक उठून मागें जाऊं पाहतील. त्यांना आग्रहानें बसवावें, व पुढच्या वर्षीं पुन्हां बसवावें.

आमच्या घरच्या कपाचें पुढें काय झालें असें आपण विचाराल. तो कान तुटलेला कप आम्हीं त्याच दिवशीं टाकून दिला. तें सोपें होतें. दुसऱ्या दिवशीं इतरांसारख्या कपांतून चहा दिला तेव्हां मावशींनीं तो घेतला नाहीं, वाटी मागितली. आम्हीं समजावून सांगितलें तर त्या रागावल्या, म्हणाल्या, "आतां म्हातारपणीं मला काय शिकवितां?" वाटींतून चहा वर्षभर चालला. मग केव्हां तरी, आमच्या मुलीनेंच हातांत दिला म्हणून, त्यांनीं कप घेतला. मुलगी आतां मोठी झाली, नोकरीसाठीं दूर गेली. मावशी थकल्या आहेत, पण अजून आमच्याकडे येतात. काम फारसें नसतें, बसतात, बोलतात. कप सर्वांचे सारखे आहेत. चहा पिऊन झाला कीं त्या आपला कप स्वतः विसळतात, आणि ओट्यावर इतर कपांपासून वीतभर दूर पालथा ठेवतात. त्या गेल्यावर आम्ही तो उचलून इतरांत ठेवतों. दुसऱ्या दिवशीं तो पुन्हां वीतभर दूर असतो.